किटलीच्या झाकणाखालचा वास

लग्न होऊन नेकनूरच्या बाजूच्या या गावात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझी कीर्ती गावभर झाली. नवी सून भांडं पडलं तरी दचकते, स्टोव्ह पेटवला की पदर नाकाला लावते आणि शेजारी नवराबायकोचं भांडण झालं की हिला जेवण जात नाही. यातलं एकही खोटं नव्हतं. अंबाजोगाईला माहेरी तीन खोल्यांत आम्ही नऊ माणसं, तिथेही मी अशीच होते. फक्त तिथे माझ्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

आमचे हे एसटीच्या आगारात कामाला, सुट्टीला तेवढे घरी यायचे. एरवी घरात मी, सासूबाई आणि एक म्हैस. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. घरात मान पहिला म्हशीचा, दुसरा आत्याबाईंचा आणि उरला तर माझा. याबद्दल माझी तक्रार नव्हती, कारण म्हैस खरोखरच आम्हा दोघींपेक्षा शहाणी होती.

आत्याबाईंचं एक ठरलेलं वाक्य होतं. मी म्हटलं, तुरीच्या डब्याला वास येतोय, की त्या म्हणायच्या, "उगंच वाटतंय तुला." मी म्हटलं, शेजारच्या काकू आज काहीतरी लपवत होत्या, की पुन्हा तेच, "उगंच वाटतंय तुला." चार दिवसांनी डब्यात अळ्या निघायच्या, काकूंच्या मुलीची सोडचिठ्ठी कानावर यायची, आणि आत्याबाई कौतुकाने म्हणायच्या, "ह्या टायमाला खरं निघालं बग!" जणू माझा लॉटरीचा नंबर लागला होता. त्यात खोच नसायची. रडक्या लेकराच्या पाठीवर थापटावं तसं त्या ते म्हणत. पण रोज ऐकून ऐकून ते वाक्य मलाही पाठ झालं, आणि त्या घरात नसल्या तरी माझं मीच मला ते ऐकवायला लागले.

बायकांची दूध संस्था निघाली ती याच काळात. शाळेची एक पडकी खोली मिळाली, मापं आली, मोठे कॅन आले. अध्यक्ष म्हणून धनगराच्या घरातली एक बाई निवडली गेली. तिच्या घरची माणसं मेंढरं घेऊन दूर चारणीला गेली होती आणि ती दोन गायी सांभाळत मागे राहिली होती. सहीच्या जागी अंगठा, पण आवाज असा की पलीकडच्या डोंगरावरचं मेंढरू मान वर करून बघेल. त्या आवाजाची मला धास्तीच बसली होती.

दूध घेताना आधी प्रत्येक किटली हुंगून बघायची, असं शिकवायला आलेल्या माणसाने सांगितलं. दूध फाटायच्या आधी त्याचा वास बदलतो. यंत्राला ते उशिरा कळतं, नाकाला लवकर. मग हुंगणार कोण? आत्याबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "आमची सूनबाई हाय की. घरी फुकट हुंगत बसती, हितं तरी कामाला यील." सगळ्या जणी हसल्या आणि मी नोकरीला लागले.

पहिले पंधरा दिवस भयंकर गेले. एकाच वेळी वीसेक बायका बोलतायत, फरशीवर किटल्या आदळतायत, कुणाच्या पातळाला चुलीचा धूर, कुणाच्या केसांना शिळं तेल. आणि त्याहून वाईट म्हणजे, कोण घरून मार खाऊन आलीय, कोण नुसती दमलीय, हे सगळं न विचारता माझ्या अंगावर येऊन पडायचं. दूध घेऊन झालं की मी शाळेमागच्या लिंबाखाली डोकं धरून बसायचे. एकदा अध्यक्षीणबाईंनी मला तिथे गाठलं. मी घाबरत घाबरत सांगितलं, मला गलबला सोसत नाही, मला हे काम जमणार नाही.

त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं. "मेंढरांत बी अशी एखादी असती," त्या म्हणाल्या. "पाऊस यायच्या आधी तिला कळतं. ती थांबली की आमी बी थांबतो. तिला कोन मारून पुढं हाकत न्हाई."

मेंढीशी तुलना झाल्याचा इतका आनंद मला ना आधी झाला होता, ना नंतर झाला. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघींनी मिळून कामाची रीत बसवली. मी अर्धा तास आधी जायचे आणि रिकाम्या खोलीत नुसती बसायचे. फरशीवर पोत्याची दुहेरी घडी, म्हणजे किटली ठेवली तर आवाज नाही. आत एका वेळी एकच बाई, बाकीच्या बाहेर, त्यांना सांभाळायला अध्यक्षीणबाईंचा आवाज. दोन किटल्यांच्या मध्ये मी स्वतःचा धुतलेला पदर हुंगायचे, म्हणजे नाक कोरं व्हायचं. काम संपल्यावर मी एकटीच मागे बसून मापं धुवायचे आणि कुणी आत डोकावलं की बाहेरून अध्यक्षीणबाईंची हाळी यायची, "तिच्यासंगं बोलू नका गं, तिचं डोकं निवतंय!" त्यांच्या त्या हाळीनेच गाव जागं व्हायचं, पण माझं डोकं खरंच निवायचं.

हळूहळू कळलं, की जे मला घरात नडत होतं तेच इथे उपयोगी पडतंय. किटली खाली ठेवायच्या पद्धतीवरून मला बाईचं बरंवाईट कळायचं. कुणाचा हात जड वाटला तर मी माप सावकाश घ्यायचे, तेवढाच तिला बसायला वेळ. मी काही विचारायचे नाही. त्या आपणहून सांगायच्या. इतकी वर्षं मी स्वतःला गावाच्या हसण्याचा विषय समजत होते, आणि आता बायका माझ्या खोलीत यायला रांग लावत होत्या. मला त्या फार आवडायला लागल्या.

मग सलग दुसऱ्या वर्षी पाऊस रुसला. विहिरी तळाला गेल्या, बोअर उचकी लागल्यासारखे हवा टाकायला लागले. एक दिवसाआड टँकर यायचा आणि माणशी हंडे ठरलेले. जनावरांना उसाचं वाढं, तेही मोजून. शेतात काही उरलं नव्हतं, घरोघरचं तेलमीठ त्या दुधावरच चालत होतं. आणि दूध तर आटत चाललं होतं. आमचं गाव आडबाजूला. केवळ आमच्यासाठी दुधाच्या शीतकेंद्राचा टेम्पो मोठा रस्ता सोडून आत यायचा. ड्रायव्हर रोज बजावायचा, "वरचे इचारतात, एवढ्याशा दुधासाठी आत कशाला जायचं? त्यात दूध खराब निघालं, तर गाडी बंदच समजा." गाडी बंद म्हणजे संस्था बंद, हे सांगायला कुणाची गरज नव्हती.

त्या दिवशी सकाळी आत्याबाई नेहमीसारख्या रांगेत आल्या. मी त्यांच्या किटलीचं झाकण उघडलं आणि हात थांबला. दुधाचा वास चांगला होता. त्याच्या खाली मात्र दुसरा एक होता, अगदी पुसट, ओल्या फडक्यासारखा. मी पदर हुंगला, पुन्हा वाकले. होताच. चमच्यात थोडं दूध उकळून पाहिलं. फाटलं नाही. मी वर बघितलं. आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या, दारात मागची बाई उभी होती. सासूचं दूध परत करायचं, तेही गावासमोर, तेही नुसतं मला वाटतंय म्हणून?

उगंच वाटतंय तुला, असं मी मला म्हणाले आणि किटली कॅनमध्ये ओतली.

टेम्पो गेला. ऊन चढलं. दुपारी मी भाकरी थापत असताना टेम्पोचा आवाज आला आणि मी पिठाच्या हातांनीच बाहेर धावले, कारण टेम्पो दुपारी कधीच येत नसे. आमचे सगळे कॅन परत आले होते. केंद्रावर जाईपर्यंत दूध नासलं होतं. ड्रायव्हरने ते उतरवलं आणि सांगितलं, "आनखी एक डाव असं झालं, तर ह्या गावाला गाडी न्हाई. म्या लई हात जोडलेत तुमच्यासाठी."

बायका जमल्या. कुणी रडलं नाही, कुणी ओरडलं नाही. तसं झालं असतं तर मला सोपं गेलं असतं. नासलेल्या दुधाचा आंबट वास खोलीभर पसरला होता. मी म्हणाले, "मला सकाळीच कळलं होतं. वास आला होता. तरी मी ओतलं."

"कुनाच्या किटलीला?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

मी खाली बघत राहिले. तेवढ्यात मागून आवाज आला, "माज्या."

आत्याबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळ्यांच्या देखत सांगितलं. किटली धुवायला म्हणून जे पाणी आम्ही बाजूला काढायचो, ते चार दिवस झाले त्या म्हशीला पाजत होत्या. म्हैस रिकामी बादली चाटायची, ते त्यांना बघवेना. किटली नुसती राखेने घासून फडक्याने पुसत होत्या. त्या म्हणाल्या, "मुकं जनावर हाय. त्याचं तोंड बगवंना, म्हनून गावाचं तोंड इसरले मी."

मला आजही वाटतं, त्या क्षणी मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. उलट मनात आलं, म्हणजे ह्या बाईलाही सगळं सोसवत नाही, फक्त ती ते कुणाला कळू देत नाही. मग एकेक बाई बोलायला लागली. कुणी ते पाणी वासराला देत होती, कुणी तान्ह्या लेकराची दुपटी धुवायला राखत होती. निम्म्या किटल्या एकदोन दिवसांपासून तशाच पुसलेल्या निघाल्या.

तिथेच ठरलं. प्रत्येकीने दुधाबरोबर एक तांब्या पाणी आणायचं, ते संस्थेच्या दारात एका हंड्यात ओतायचं, खाली बाभळीची लाकडं, आणि दूध देऊन झालं की सगळ्या किटल्या त्याच उकळत्या पाण्याने धुवायच्या. एकटीच्या तांब्याने किटली स्वच्छ निघत नव्हती, सगळ्यांच्या मिळून निघणार होती. धुऊन उरलेलं पाणी पाळीपाळीने जनावरांना. पहिली पाळी आमच्या म्हशीला मिळाली, त्यावर कुणी हरकत घेतली नाही.

पण मी अध्यक्षीणबाईंना बाजूला घेऊन म्हटलं, नाकाला दुसरी बाई बघा. माझं नाक चांगलं आहे, पण माझी जीभ उचलत नाही. त्या हंड्याखाली लाकडं रचायला निघून गेल्या. घरी गेल्यावर आत्याबाई झोपेपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. मी आपली समजले की तोंड फुगलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेत सगळ्यात पुढे त्याच होत्या. एका हातात पाण्याचा तांब्या, एका हातात किटली. त्यांनी तांब्या दारातल्या हंड्यात रिकामा केला, आत आल्या, किटली पोत्यावर ठेवली आणि झाकण स्वतः उघडून माझ्यापुढे धरलं.

"हुंग."

मी वाकले. रात्री त्यांनी आपल्या वाटणीच्या पाण्याने ती घासली होती, माझ्या डोळ्यांदेखत. तरी झाकणाच्या दुमडीत तो वास अडकून होताच. मी पदर हुंगला. पुन्हा वाकले. दारात सगळ्या बायका वाकून बघत होत्या. अध्यक्षीणबाईसुद्धा.

आत्याबाई हळूच म्हणाल्या, "काय वाटतंय तुला?"

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, हा प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नव्हता. माझे डोळे भरून आले. पण शब्द फुटला.

"नको, आत्याबाई. आजचं दूध घेता येणार नाही."

त्यांनी झाकण लावलं. दारातून बाहेर पडताना रांगेकडे बघून त्या म्हणाल्या, "माजं न्हाई घेतलं. तुमचं बी घेनार न्हाई, झाकनं नीट बगा." आणि किटली घेऊन त्या ताठ मानेने घराकडे चालत गेल्या. त्या सकाळी आणखी दोघी मागे फिरल्या. बाकीचं दूध गेलं आणि दुपारी टेम्पो परत आला नाही. मी उंबऱ्यात बसून त्या न येणाऱ्या टेम्पोची वाट बघत होते.

परत नेलेल्या दुधाला आत्याबाईंनी विरजण लावलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याची कढी केली. ताटात वाढून म्हणाल्या, "खा. दोघींना कळावं तेवढं तुला एकटीला कळतं, तर जेवन बी दोघींचं पायजे."

पुढे पाऊस झाला, विहिरी भरल्या, पण दारातला तो हंडा तसाच चुलीवर राहिला. मी त्या खोलीत कितीतरी वर्षं काम केलं. पोत्याची घडी दरवर्षी नवी, पदर रोज धुतलेला. गलबला मला अजून सोसत नाही आणि भांडं पडलं तर अजून दचकते. आत्याबाई आता थकल्यात. त्यांना वास येत नाही, ऐकूही कमी येतं. डाळीचा डबा उघडला, औषधाची बाटली उघडली, दारात कुणी नवा माणूस आला, की त्या माझा हात धरून मला जवळ ओढतात आणि विचारतात, "काय वाटतंय तुला?" आणि मी सांगेपर्यंत हात सोडत नाहीत.