सयाजीरावांची भारी रॅकेट

सयाजीराव म्हणजे आमच्या गल्लीचा भोंगा. एसटीच्या ड्रायव्हरकीतून रिटायर झाले, पण आवाज काही रिटायर झाला नाही. घरात साधी वांगी आणली तरी ती किती भारी आहेत हे चार घरांना कळायचं. माणूस दिलदार, तोंडाला मात्र ब्रेक नाही.

२००३ साली त्यांच्या मुलाचं लग्न झालं. सून मनाली वारणानगरच्या कॉलनीत बॅडमिंटन खेळत वाढलेली. संध्याकाळी घरापुढच्या मोकळ्या जागेत नवऱ्याबरोबर खेळावं, एवढीच तिची हौस. सासरी आल्यावर तिने पहिल्यांदाच काही मागितलं. सयाजीराव बाजारात निघाले तेव्हा म्हणाली, "मामा, रॅकेट जरा हलकी बघून आणा."

झालं! हा शब्द त्यांना झोंबला. हलकी म्हणजे कमअस्सल, असंच त्यांनी धरलं. दुकानात जाऊन काउंटर बडवला. "सून म्हणती हलकी आणा. आमची ऐपत काढती व्हय? भारीतला सेट दावा!" दुकानदार एक हलकी रॅकेट पुढे करून काही समजावायला गेला, तर "ती काडी ठेवा बाजूला" म्हणून त्याला गप्प केलं. हाताने तोलून, सगळ्यांत वजनदार असलेला स्टीलच्या रॅकेटचा जोड उचलला. वर शटलच्या फुलांचा अख्खा डबा घेतला.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं. रविवारी मनालीचे वडील जोतीराम लेकीला भेटायला आले. ते टेकतात न टेकतात तोच, दार सताड उघडं असताना, सयाजीरावांनी सुनावलं, "पावणं, तुमच्या लेकीला सांगा, ह्या घरात हलकं कायबी येत न्हाय."

मनाली तोंड उघडणार, तेवढ्यात जोतीरामांनी डोळ्यांनीच तिला थांबवलं आणि हात जोडले. "चुकलं पोरीचं. पदरात घ्या." समोरच्या दारात उभ्या असलेल्या मला संताप आला. पण व्याह्यांच्या मध्ये कोण पडणार?

मनाली त्याच रॅकेटने खेळली. चार दिवसांत मनगट सुजलं. भाकरी थापताना ओठ चावायची. मग शेजारच्या शिवानीने आपली रॅकेट तिला खेळायला आणली. सयाजीरावांनी ती मध्येच हातात घेतली.

"हिला तर कायच वजन न्हाय. हलक्यातली दिसती."

शिवानी हसली. "काका, हलकी हाय म्हणूनच भारी हाय की! जड रॅकेटनं हात जातो. वहिनींनी सांगितलं न्हाय व्हय?"

सांगितलं होतं. सयाजीरावांचा चेहरा खर्रकन उतरला. सुनेचं मनगट दिसत होतंच, पण त्याहून ते जोडलेले हात डोळ्यांपुढून हलेनात. मेल्याहून मेल्यासारखं झालं, असं पुढे त्यांनीच मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच वारणानगरला गेले. जोतीराम दारातच भेटले.

"पावणं, चूक माझी," सयाजीराव म्हणाले. आवाज जेमतेम निघाला. "रॅकेट हलकी म्हंजे काय, मला ठावं नव्हतं."

"मला ठावं हुतं की," जोतीराम म्हणाले. "ल्हानपणापास्नं तिला मीच घेऊन देत आलोय."

"मग हात का जोडलंसा?"

"लेक तुमच्या घरात ऱ्हानार हाय, पावणं."

आतून पाण्याचा तांब्या आला. सयाजीरावांनी तो घेतला, पण मान काही वर करवली नाही.