ट्रंकेतला नारळ

आमच्या मंडळात लहानथोर सगळे मला आजोबा म्हणतात. माझी सख्खी नातवंडं दोन, पण या नावानं हाक मारणारी मुलं शंभर तरी असतील. दुबईतल्या ऊद मेथा भागातल्या शाळेच्या हॉलमध्ये दर दिवाळीच्या कार्यक्रमात माझी एक गोष्ट असते आणि या मुलांनी ती आयांच्या मांडीवर बसून ऐकलेली आहे. चाळीसेक वर्षं मी ती सांगत आलो. ती खोटी आहे. प्रवास खरा, तहान खरी, माणसं खरी. फक्त दोन माणसांच्या जागा मी बदलल्या.

सांगायचो ती गोष्ट अशी. आम्ही सातजण कोकणातले, कामाच्या शोधात लाँचनं निघालो. कागदपत्रं कुणाकडेच नव्हती. फुजैराच्या अलीकडे कमरेएवढ्या पाण्यात आम्हाला उतरवलं. तिथून दुबई पश्चिमेला, आणि मध्ये उघडेबोडके डोंगर. सडक तेव्हा नव्हती. पावसाचं पाणी कधीमधी वाहतं त्या कोरड्या दगडी पात्रातून, म्हणजे वादीतून, ट्रक जायचे. आमच्या ट्रकचा रेडिएटर वाटेत गळायला लागला. ड्रायव्हरनं आमच्या पिण्याच्या पाण्याचे डबे त्यात ओतले, तरी ट्रक जागचा हलेना. 'खलास,' तो म्हणाला. अरबाच्या तोंडून आम्हाला कळलेला हा पहिला शब्द. मदत आणायला म्हणून तो चालत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आला नाही. आमच्यातला एकजण तापानं फणफणला होता आणि पाणी पाणी करत होता.

इथं मी थोडा थांबायचो. मग म्हणायचो, "आणि आमच्यातल्या एका महाभागानं ट्रंकेत नारळ लपवला होता! देवाला बोललेला! बसला ट्रंकेवर अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखा!" हॉल हसायचा. हसणं ओसरलं की सांगायचो, मी रिकामा डबा उचलला आणि निघालो. चार तासांनी भरलेला डबा घेऊन परत आलो. सोबत डोंगरातला एक म्हातारा आणि त्याचं गाढव.

नारळ माझा होता. पाणी त्यानं आणलं.

तो म्हणजे आमच्या शेजारच्या गावचा, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, स्वयंपाकी. दुबईत पुढं त्यानं कामगारांच्या मेसमध्ये आयुष्य काढलं. मंडळाचं जेवणही तोच करायचा. बाकीचे पाचजण कामासाठी दुसरीकडे पांगले; मंडळात आम्ही दोघंच. पहिल्या दिवाळीला मला बोलायला उभं केलं तेव्हा मी खरं तेच सांगायला निघालो होतो. नारळापाशी आलो आणि जीभ अडली. 'मी' म्हणायच्या ऐवजी 'एकानं' म्हणून गेलो. लोक हसले. कुणीतरी मागून विचारलं, "मग पाणी कोणी आणलं?" मी नुसता मान खाली घालून हसलो आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षी मान खाली घालायचीही गरज उरली नाही. कुणीतरी विचारलं, "नारळवाला कोण हो?" मी काही बोललो नाही. फक्त माझी नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. तेवढं पुरलं.

तेव्हापासून लोक पंगतीत त्याला छेडायचे. "काय हो, नारळ कुठं लपवलाय?"

तो वाढता वाढता म्हणायचा, "भाजीत घातलाय. शोधा आणि खा."

माझ्या पानाशी आला की एक पुरी जास्त टाकायचा. डोळ्यांत काहीच नसायचं, ना राग, ना थट्टा. ती पुरी मला गिळवत नसे. सहा वर्षांपूर्वी तो गावी वारला. मी फोन केला, रीतीप्रमाणे चार शब्द बोललो आणि त्या दिवाळीलाही गोष्ट सांगितली.

आता या मुलांचं सांगतो. मंडळाच्या दिवाळीत छोटी छोटी विनोदी नाटुकली करणारा आठजणांचा एक गट आहे. सगळे इथंच जन्मलेले किंवा इथं वाढलेले. कुणी बँकेत, कुणी दवाखान्यात. मराठी बोलतात, पण वाक्य सुरू मराठीत होतं आणि संपतं इंग्रजीत. त्यांची एक पद्धत मला फार आवडायची. आठहीजण सगळ्यांची सगळी वाक्यं पाठ करतात. दुबईच्या ट्रॅफिकमध्ये कोण कधी अडकेल सांगता येत नाही. जो वेळेवर पोचेल तो उभा राहतो. सासू अडकली तर सासरा सासू होतो. कोणाची कोणती भूमिका, याचा त्यांच्यात हट्ट नसतो.

गेल्या वर्षी त्यांची म्होरकी माझ्याकडे आली. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, शारजात वाढलेली, दिवसा एका कंपनीच्या ऑफिसात बसणारी.

"आजोबा, आम्ही फिल्म करतोय. फुल लेंग्थ. दोन तासांची."

"कशावर?"

"तुमच्यावर! ते जुन्या इंग्लिश पिक्चरमध्ये गोरे लोक गाड्या घेऊन वेस्टला जातात ना, तसं. पण आपले लोक लुंगीत. लाँचमधून उतरतात, ट्रकमध्ये पुढं कोण बसणार म्हणून भांडतात, लोणच्याच्या बरणीवरून भांडतात, अँड दे गो वेस्ट. कॉमेडी. बट एपिक कॉमेडी."

"आणि नारळ?"

"नारळ इज द बेस्ट पार्ट! आमचा सगळ्यात फनी अ‍ॅक्टर दिलाय त्याला. तुमचा रोल हिरोचा."

मी हो म्हणालो. आता वाटतं, तेव्हाच सांगायला हवं होतं. दिवाळीची गोष्ट सांगितली की हवेत विरते. सिनेमा राहतो. माझ्या माघारीही तो माणूस ट्रंकेवर कोंबडीसारखा बसलेला राहणार होता. त्याच्या मुलांनी पाहिला असता, नातवंडांनी पाहिला असता. हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तरी मी हो म्हणालो.

मुलं कामाला लागली. मी बघत राहिलो आणि दिवसेंदिवस थक्क होत गेलो. दुबईतल्याच रास अल खोरच्या एका वर्कशॉपमागं त्यांनी आमच्या ट्रकसारखाच जुना ट्रक शोधून काढला. आत इंजिन नव्हतं, पण लाकडी फाळके तसेच, रंगवलेले. मी फाळक्यावर हात ठेवला तर हाताला ते जुनं खडबडीत लाकूड ओळखीचं लागलं. शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांच्या दिवशी ही मुलं तिथं येऊन पत्रे घासायची, दोरखंड बांधायची. घरी पाण्याचा ग्लासही स्वतः न घेणारी मुलं ही. एकजण मला येऊन विचारायचा, "आजोबा, लुंगीला गाठ कुठं मारायची?" मी दाखवायचो. पोरगा मान हलवून ती गाठ तशीच मारायचा आणि क्षणभर मला समोर माझा सोबती दिसायचा.

शूटिंगचा पहिला दिवस फुजैराकडच्या डोंगरात होता. गुळगुळीत सडकेनं आम्ही दीड तासात पोचलो. त्याच वाटेला आम्हाला तीन दिवस लागले होते. गाड्या लावून वादीत उतरलो आणि मी उभाच राहिलो. दुबईत माझ्या डोळ्यांसमोर वाळूतून आभाळापर्यंत इमारती गेल्या, पण इथं एक दगड हललेला नव्हता. तेच करडे, तडकलेले डोंगर, तीच भाजकी शांतता. एवढ्या मोठ्या शांततेत सात माणसं एका डब्याभर पाण्यासाठी बसली होती, हे मला स्वतःलाच खरं वाटेना. मुलंही गप्प झाली. एरवी त्यांची तोंडं मिटत नाहीत.

ट्रेलरवरून आणलेला ट्रक दगडांत उभा केला. मुहूर्त होता. ट्रकच्या चाकासमोर पाट मांडला, हळदकुंकू, उदबत्ती. म्होरकीनं माझ्या हातात नारळ दिला.

"आजोबा, तुम्हीच फोडायचा. यल्ला, चला, सगळे या!"

नारळ जड होता. मी तो उचलला तर आतलं पाणी हललं. माझे हात खाली आले.

आई म्हणाली होती, "पोचलास की तिथल्या दगडावर फोड. वाटेत फोडलास तर वाटेतच राहशील." ट्रंकेत कपड्यांखाली मी तो ठेवला होता. तापानं फणफणलेला माणूस माझ्यापासून तीन हातांवर होता. एका नारळात पाणी ते किती, वाटीभर. पण त्याला वाटीभरच हवं होतं. मी देवाला घाबरलो, आईला घाबरलो, मरायला घाबरलो. ट्रंकेवर बसून राहिलो. शेवटी माझा सोबती उठला, डबा उचलला आणि एक अक्षर न बोलता वादीच्या वरच्या अंगाला निघून गेला. दुबईला पोचल्यावर खाडीच्या काठी मी नारळ फोडला आणि तापातून उठलेल्यासकट सगळ्यांना खोबरं वाटलं. तो आपला तुकडा चावून म्हणाला, "गोड आहे रे." नारळ कुठून आला हे त्यानं विचारलं नाही.

हे सगळं मी तिथं त्या मुलांसमोर सांगितलं, हातात नारळ धरून. हिरो झालेला उंच मुलगा पांढऱ्या शर्टात, नारळवाला झालेला बुटका मुलगा निळ्या शर्टात. दोघंही माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता ही मुलं गाड्यांत बसून निघून जातील, आणि गेली तर बरोबरच आहे.

म्होरकीनं विचारलं, "आजोबा, दॅट मॅन… त्यांना कधी सॉरी म्हणालात?"

"नाही."

ती त्या दोघांकडे वळली आणि म्हणाली, "ओके. शर्ट बदला."

दोघांनी तिथंच शर्ट बदलले. बुटक्यानं पांढरा घातला, उंच मुलानं निळा. सगळ्यांची सगळी वाक्यं पाठ होतीच. बाह्या दुमडता दुमडता उंच मुलगा मला म्हणाला, "आजोबा, आय प्ले यू नाऊ. भित्रा. टिप्स द्या." सगळे एकदम हसले आणि मीही हसलो. रडायचं राहून गेलं.

मग मी नारळ फोडला. बुटक्यानं पटकन कागदी कप पुढं धरला म्हणून पाणी वाया गेलं नाही. मी तो कप त्यालाच प्यायला दिला.

घरी आल्यावर गावी फोन केला, त्याच्या बायकोला. फिल्मचं सांगितलं, नारळाचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं.

"मला ठाऊक आहे, भावोजी," ती म्हणाली. "त्यांना तर तेव्हाच ठाऊक होतं. तुमची ट्रंक ट्रकवर त्यांनीच चढवली ना? आत नारळाचं पाणी डचमळत होतं म्हणाले."

"मग मागितला का नाही त्यानं?"

"मीसुद्धा हेच विचारलं होतं. म्हणाले, मागितला असता तर त्यानं दिलाही असता. मग जन्मभर मनात राहिलं असतं त्याच्या, आईचा शब्द मोडला म्हणून. त्यापेक्षा चाललेलं बरं."

चार तास. भर उन्हात. तेही पाणी सापडेल की नाही हे ठाऊक नसताना. त्या वादीचे डोंगर बघून मी थक्क झालो होतो. फोन कानाला लावून बसलो होतो तेव्हा ते डोंगर मला लहान वाटले.

"आणि मी दरवर्षी जे सांगत होतो ते?" मी विचारलं.

"हसायचे. गोष्ट रंगवतो म्हणायचे." मग म्हणाली, "मला मात्र राग यायचा, भावोजी. अजून येतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते."

"येऊ दे वहिनी," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

म्होरकीला हे सांगितलं तेव्हा तिनं संहितेची वही उघडली आणि ट्रंक चढवण्याच्या पानावर खूण केली. मग म्हणाली, "आजोबा, धिस इज द फिल्म." रास अल खोरच्या वर्कशॉपमध्ये ट्रक परत नेऊन तिनं एकच शॉट पुन्हा घेतला. ट्रंक चढवायचा. आवाज मात्र वेगळा टिपायचा होता. तिनं मायक्रोफोन माझ्यासमोर धरला आणि हातात नारळ दिला. "हळू हलवा. तुम्हाला आठवतो तसा." मला आठवायचं काय, मी तो आवाज कधी ऐकलाच नव्हता. त्यानं ऐकला होता. मी हळूच हलवला.

महिन्यापूर्वी फिल्म आमच्याच हॉलमध्ये दाखवली, रविवारी सकाळी. तीच माणसं, त्यांची मुलं, त्या मुलांची मुलं. माझी खुर्ची पहिल्या रांगेत होती. मी उठून मागं गेलो आणि स्वयंपाकघराच्या दाराशी बसलो.

लोक लोणच्याच्या भांडणाला हसले, लुंग्यांना हसले. मग बुटका मुलगा ट्रंक खांद्यावर घेतो आणि मध्येच थांबतो. हॉलच्या मोठ्या स्पीकरमधून पाणी डचमळलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीच बदललं नाही. त्यानं ट्रंक ट्रकवर चढवली आणि ती घरंगळू नये म्हणून दोन्ही बाजूंना बोचकी लावली.

वादीत उंच मुलगा ट्रंकेवर कोंबडीसारखा बसला, तेव्हा हॉल हसला. नेहमीसारखाच, खळखळून. चाळीस वर्षांचं ते हसणं पहिल्यांदा माझ्यावर आलं. मग पडद्यावर कुणीतरी त्याला माझ्या नावानं हाक मारली, ते कुणाच्या तरी लक्षात आलं, एकेक मान वळायला लागली, लोक अंधारात मला शोधू लागले. हसणं विरलं. पडद्यावर बुटका उठला, रिकामा डबा उचलला आणि चालू लागला. कॅमेरा जागचा हलला नाही. तो चालत गेला, लहान होत गेला, डोंगरांत ठिपक्याएवढा झाला.

माझ्या शेजारी कॅटरिंगवाला पुऱ्या तळायचं थांबवून दारात येऊन उभा होता. हातात झारा तसाच. "कोण आहे हा?" त्यानं मला विचारलं.

मी त्याला नाव सांगितलं.