घोडीसाठी माती

आमच्या घरी सकाळचा चहा घोडीनंतर व्हायचा. आधी तिचं पाणी, मग चंदी, मग माणसं. आजोबा घोडदळात कर्नल होते. आधी जनावर, मग जवान, शेवटी साहेब, हा तिथला नियम त्यांनी निवृत्तीनंतर तीस वर्षांनीही सोडला नव्हता. जवान म्हणजे मी. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि माझं काम लॅपटॉपवरचं, म्हणून पुण्याहून मला मालवणला धाडलं गेलं. तेव्हापासून मी रोज उशिरा चहा पितेय.

मे महिन्यात एका सकाळी घोडी उठलीच नाही. सत्तावीस वर्षांची होती, त्यामुळे धक्का असा बसला नाही. आजोबांना वाकता येत नव्हतं. ते काठी टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "डोळे झाक तिचे." मी प्रयत्न केला, पण पापण्या मिटेनात. शेवटी मी तिच्या तोंडावर टॉवेल घातला.

"हिला मातीत पुरायचं," ते म्हणाले.

पण त्यांच्याकडे माती नव्हती. एके काळी आमचं घराणं अर्ध्या गावाचं मालक होतं, गावच्या भाषेत भाटकार. कुळकायद्यात भाताची जमीन, मळे, माडांची बाग, सगळं कसणाऱ्यांकडे गेलं. आमच्याकडे उरला सड्यावरचा कातळ आणि सुरुंगाने खड्डे पाडून लावलेली आंब्याची कलमं. खोदायचं मशीन घेऊन आलेल्या माणसाने दोन ठिकाणी कातळावर दात घासून पाहिले आणि खाली उतरला.

"बाय, ह्या कातळाक दोन दिस व्हये. तवसर घोडी फुगतली. दर्यात सोडून देवा."

"दर्यात कचरा टाकतात," आजोबा म्हणाले.

घराच्या खालच्या अंगाला मऊ, काळी माती होती. ती शेजारच्या बाईंच्या मळ्यातली. बाई मूळच्या गोव्याच्या, ख्रिश्चन, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचे सासरे आमचे कूळ. त्या मळ्यासाठी आजोबा सोळा वर्षं कोर्टात लढले, हरले आणि त्या घराशी बोलणं त्यांनी सोडलं. अजूनही ते तिकडे बोट दाखवून 'आपला मळा' म्हणत.

नऊ वाजता त्यांनी मला कागद आणायला लावला आणि इंग्रजीतून पत्र सांगितलं, थेट रजेच्या अर्जासारखं. परवानगी मिळावी ही विनंती, खाली हुद्द्यासकट सही. मी विचारलं, फोन करू का? त्यांनी पत्र माझ्याकडे सरकवलं. मी पत्र घेऊन निघाले.

बाई अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होत्या. "घोडी गेली मा? आयकला मी सकाळीच," असं म्हणत त्यांनी हात झग्याला पुसले, पत्र वाचलं आणि माडाखाली काम करणाऱ्या आपल्या मुलाला हाक मारली.

"आयकलंय रे? भाटकारान अर्ज केल्यान! आमका!"

"शिक्को खंय आसा?" मुलगा तिथूनच ओरडला. "शिक्क्याशिवाय घेव नको."

माझे कान तापले. मला मालवणी समजतं, पण बोलायला गेलं की वाक्य तोंडातच मोडतं. "ऊन वाढतंय," एवढंच मी म्हणाले.

"तुझ्यार राग नाय गो चेडवा." बाईंनी पत्र घडी करून माझ्या हातात परत ठेवलं. "घोडी मेली, ते नाय मेले. येवन तोंडान मागूक सांग."

दोन वर्षं मी या घरात हेच करत होते. आजोबांचं बोलणं मऊ करून गावाला सांगायचं, गावाचं मऊ करून आजोबांना. त्या दिवशी कंटाळा आला. मी बाईंचे शब्द जसेच्या तसे सांगितले, 'ते नाय मेले'सकट.

आजोबांनी सरकलेला टॉवेल काठीनेच नीट केला. वास सुटायला लागला होता. मग ते चालायला लागले.

उतार उतरायला आम्हाला वीस मिनिटं लागली. बाईंनी खुर्ची मांडून ठेवली होती. ते बसले नाहीत.

"घोडयेक पुरूक जागो व्हयो," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून मी मालवणी पहिल्यांदाच ऐकत होते. "हयची माती मऊ आसा."

"कोणाची माती?" बाईंनी विचारलं.

मुलाचं फावडं थांबलं. आजोबांनी काठी दोन्ही हातांनी धरली. मी दुसरीकडे पाहिलं.

"तुमची," ते म्हणाले.

"मगे घेवा. थंय, त्या दोन माडांच्या मधी. मुळांका खत बरा जातला."

खत म्हटल्यावर मला वाटलं, आता हे उलटे फिरणार. त्यांनी फक्त मान हलवली.

"आता तरी बसा," बाई म्हणाल्या, आणि ते बसले.

मशीनने अर्ध्या तासात खड्डा काढला. घोडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पाणंदीने आली. पाय ताठले होते, म्हणून खड्डा पुन्हा मोठा करावा लागला. तो मोठा करताना मुलाने एकदाही थट्टा केली नाही. माती लोटून झाल्यावर उंचवटा राहिला. "पावसात बसतली," बाई म्हणाल्या. आजोबांनी त्यांना नमस्कार केला, बाईंनीही केला.

चढावर ते तीनदा थांबले. तिसऱ्यांदा म्हणाले, "मला जाळणार ते बरं. कोणाकडे मागायला नको."

मला हसू आलं होतं, पण हसण्याइतकं त्राण नव्हतं. मी त्यांचा दंड धरला आणि आम्ही उरलेला चढ चढलो.