खांबेटेकाकांची नजर

खांबेटेकाकांच्या मुलीचा, ईशाचा, फोन आला तेव्हा मी क्रॉयडनच्या ऑफिसात होते. “मीनलताई, बाबा गेले. सकाळी, झोपेतच.” मी उठून जिन्यात जाऊन उभी राहिले, आणि रडू येण्याआधी मला हायसं वाटलं... आता काकांना काही सांगावं लागणार नाही, असं. याला सहा आठवडे झाले. त्या हायसं वाटण्याची लाज अजून जात नाही.

डॉ. खांबेटे हे आमचे वॉटफर्डमधले शेजारी. सगळी नोकरी इथल्या हॉस्पिटलांत हाडं जोडण्यात गेली, बायको गेल्यावर घरात एकटेच. आम्ही राहायला आलो त्या दिवशी कुंपणापलीकडून त्यांनी विचारलं, काय चाललंय? “सामान लावून राहिले,” मी म्हटलं. “नागपूर!” ते इतक्या आनंदानं ओरडले की मला हसू आलं. कोण कुठलं हे ओळखण्याचा त्यांना नादच होता, आणि तो माणसांवर थांबत नव्हता. वरच्या खोलीत झाकणाच्या डब्यांमधून त्यांनी बारा किंगस्नेक पाळले होते. हा अमेरिकेतला बिनविषारी साप, दुसऱ्या सापांना खाणारा, म्हणून प्रत्येकाला वेगळा डबा. डब्यावर लेबल: कुठल्या दरीतल्या वंशाचा, आईबाप कोण. समुद्राकडचे तपकिरी नि साईच्या रंगाचे, वाळवंटातले काळेभोर, पांढऱ्या पट्ट्यांचे. आणि मधल्या मुलखातले? त्यांवर काका एक मोठा लेख लिहीत होते, सापवाल्या मंडळींच्या पत्रिकेसाठी. “नुसत्या पट्ट्यांवर जायचं नाही गं,” ते मला सांगत. “एका आईची दोन पिल्लं वेगळी दिसतात, आणि दोन दऱ्यांतली दोन अगदी सारखी. ठिकाण माहीत असेल तरच नाव द्यायचं.” सापांबद्दल शिकायला येणाऱ्यांना ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, ही माझी असिस्टंट, हिच्या हाती मी डोळे मिटून खोली देतो.

फेब्रुवारीत त्यांना हलका स्ट्रोक झाला आणि दोन आठवडे खोली खरंच माझ्या हाती आली. पाणी बदलायचं, आठवड्यातून एकदा फ्रीजरमधला उंदीर वितळवून द्यायचा. एका रविवारी डबे धुवायला मी शेजारशेजारच्या दोन काळ्या पिल्लांना दोन साध्या डब्यांत काढलं. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. परत येऊन बघते तर कुठलं कुठल्या डब्यातलं, कळेना. दोन दऱ्या, दोन पिल्लं, आणि त्यांची सविस्तर नोंद अजून व्हायची होती. मी बराच वेळ बघत बसले. मग अंदाजानं ठेवून दिली.

हॉस्पिटलमधून घरी आल्यावर चार दिवसांनी काकांनी हाक मारली. पिल्लू हातावर घेऊन ते खिडकीशी उभे होते. “मीनल, हा तो वाटत नाही. डबे बदलले का गं कधी?”

तेव्हा सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, “नाही काका. तुम्ही आत्ताच आजारातून उठलाय ना, थोडे दिवस जाऊ देत.”

माझ्यावर संशय घ्यावा हे त्यांच्या मनातही आलं नाही. त्यांनी संशय घेतला तो स्वतःवर. लेख बाजूला पडला. शिकायला येणाऱ्यांना त्यांनी फोन करून नको म्हटलं. “ज्याला आपल्या हातची पिल्लं ओळखता येत नाहीत, त्यानं दुसऱ्याला काय शिकवायचं?” हे मला सांगताना ते हसले होते. मी त्यांच्यासाठी चहा करत होते. मी चहाच करत राहिले.

अंत्यविधीनंतर खोली आवरायला ईशानं मला बोलावलं. सापांना न्यायला एक गृहस्थ येणार होते. तिथे, तिच्यासमोर, मी सगळं सांगितलं.

ती तिच्या इथे वाढलेल्या, मोडक्या मराठीत म्हणाली, “बाबांची रोज फोन यायची मला लेस्टरला. ‘मी विसरायला लागलोय का?’ असं विचारायचे. मी त्यांना मेमरी क्लिनिकला घेऊन गेली. सगळे टेस्ट चांगले आले, पण त्यांनी बिलीव्हच नाही केलं.” आणि मग, अगदी हळू, “तू एकदा सांगायला पाहिजे होतं.”

मी हो म्हणाले.

तिनं टेबलावरची त्यांची नोंदवही माझ्यापुढे सरकवली. त्या दोन पिल्लांच्या पानावर, ठिकाणाच्या रकान्यात, काकांच्या सरळ अक्षरात लिहिलं होतं: खात्री नाही. माझी नजर आता भरवशाची राहिली नाही. ती ओळ मी खोडू का, असं विचारलं. “नको,” ईशा म्हणाली, “ते त्यांचं आहे. खाली लिही.” तिनंच पेन दिलं. मी लिहिलं: डबे मी बदलले. काकांची नजर बरोबर होती. खाली माझं पूर्ण नाव.

साप गेले. वही ईशानं तिथेच ठेवली आहे, त्या पानावर उघडी. दर शनिवारी खिडकी उघडायला मी जाते, आणि रिकाम्या खोलीत ते पान वाचून परत येते.