यादीतली चौथी ओळ

भावाच्या कॉम्प्युटरवरचा ट्रॅक्टर गुरुवारी सुरू झाला नाही. शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी पांढुर्ण्याहून सौसरची बस धरली. पिशवीत पाण्याची बाटली, चष्मा आणि वही.

माझा मोठा भाऊ आजारपणानंतर घरातच असतो. उजवा हात अर्धवट चालतो. डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू त्याने आठवडाभरही दाबला नाही, पण शेतीचा गेम सोडला नाही. त्यात नांगरायचं, पेरायचं, ट्रॉली भरायची. कंट्रोलर दोन्ही हातांनी धरावा लागतो, तेवढाच त्या हाताला व्यायाम. संत्र्याचा खरा बगीचा बटाईने दुसऱ्याला कसायला दिलाय. तिकडे तो जात नाही.

कॉम्प्युटर माझा जुना. त्यावर नवं विंडोज चालेना, म्हणून मी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकली. विकतचा गेम विंडोजसाठी बनलेला. लिनक्सवर तो एका मधल्या प्रोग्रामच्या आधाराने चालतो. गेल्या वर्षी तीन रविवार घालवून मी तो जमवला आणि सगळ्या पायऱ्या वहीत लिहिल्या. अकरा ओळी. बिघडलं की पहिल्या ओळीपासून सुरुवात. चारदा जमलं होतं.

वहिनीने दार उघडलं. "कालपासून भिंतीकडे तोंड करून पडले हायेत," ती हळूच म्हणाली. "चेंडू देला तं फेकून देला."

मी चहा नको म्हटलं आणि बसले. एकेका ओळीवर खूण करत अकरा पायऱ्या केल्या. गेमची खिडकी उघडली, काळी झाली, मिटली. पुन्हा अकरा. पुन्हा काळी. सकाळपासून पेपर तपासून मान अवघडली होती. घरात कुणाचं काहीही बंद पडलं की मलाच बोलावतात, आणि मी येते. तिसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा भाऊ कूस बदलून माझ्याकडे वळला.

"कितव्यांदा करून राहिली वं?"

"तिसऱ्यांदा."

"वाच मोठ्यानं."

मी यादी वाचली. चौथ्या ओळीवर त्याने थांबवलं. "हे काय हाय?"

"मधल्या प्रोग्रामची जुनी आवृत्ती निवडायची. तेव्हा नवी चालत नव्हती."

"तेव्हा! गेम तं आत्ता बुधवारी अपडेट होऊन नवा झाला ना? मागच्या साली झाडाले डिंक्या होता म्हणून अवंदाबी तेच औषध मारशील? झाड पायशील का नाई अगुदर?"

"भाऊ, यादीतली ओळ मी गाळत नसते."

"माहीत हाय मले. मास्तरीन हायेस. गाळ."

मी चौथी ओळ गाळली, नवी आवृत्ती ठेवली. खिडकी काळी झाली, तशीच राहिली, आणि मग हिरवं शेत आलं.

भाऊ स्वतः उठून बसला. वहिनीने पाठीमागे उशी लावली. त्याने कंट्रोलर धरला. उजवा अंगठा घसरला आणि ट्रॅक्टर सरळ कुंपणात.

"झाली नांगरणी," वहिनी म्हणाली.

"थांब वं."

त्याने ट्रॅक्टर मागे घेतला. पुन्हा घसरला, पुन्हा मागे. मी चौथ्या ओळीवर काट मारली. पुढच्या अपडेटला कोणती ओळ जाईल, ठाऊक नाही. पुन्हा हीच बस धरावी लागेल, एवढं ठाऊक आहे. परतीची बस केव्हाच निघून गेली होती. मी चहा मागितला.

भावाने हात झटकला, बोटं उघडली, मिटली, आणि पुन्हा कंट्रोलर धरला.