लाजऱ्याला हाक

शेलूबाजारच्या नाल्याकाठी प्रयागबाईची वाडी होती. वांगी, मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. बाजारात आधी तिच्या सांभाराचा वास यायचा, मग बाई, आणि बाईच्या मागे लुगडं मुठीत धरून पाच वर्षांचा चंपत. पोरगं नावासारखंच! कोणी 'काय रे' म्हटलं की पदराआड चंपत. विंगेतून पाऊल बाहेर न टाकणाऱ्या नटासारखं तिथूनच एका डोळ्याने जग बघायचं. गिऱ्हाइकं गूळ दाखवायची, पण ते कोणाकडे म्हणून गेलं नाही.

मानमोडी तापाच्या साथीत ते गेलं.

प्रयागबाई रडली नाही. तिला एकच घोर लागला होता. नवऱ्याला, नथ्थूला, ती सारखं तेच विचारायची आणि तो बिचारा मोटेच्या बैलांकडे बघत राहायचा. आल्यागेल्यांनी नशिबाच्या गोष्टी सांगून पाहिल्या. वाडी सुकू लागली.

वाशीमच्या मिशन दवाखान्यातली रुख्मिणीबाई साथीनंतर छकड्यातून गावोगाव फिरायची. बाई ख्रिस्ती, आवाज खणखणीत. तिने आल्या आल्या उपदेश केला नाही. चूल पेटवली, भाकर टाकली आणि मग विचारलं, "काय खाते व तुले आतून?"

"थो कोनापाशी जात नाही व बाई. तिथं देवाघरी माह्याबिगर कोनाजोळ राहीन?"

रुख्मिणीबाई भाकर उलथायची विसरली. मग तिने येशूची एक गोष्ट सांगितली. त्याच्या जिवाचा माणूस मेला, तेव्हा तोही रडला. आणि मग थडग्यासमोर उभं राहून त्याने मेलेल्याला उठवणारी हाक दिली, "लाजरा, बाहेर ये."

प्रयागबाईने मान वर केली. "लाजऱ्या म्हने? मंग त्याले ठाऊक हाय, असं लेकरू कसं बलावा लागते ते." आणि तिला रडू फुटलं. नाल्यापलीकडे ऐकू जाईल असं.

लाजर हे त्या माणसाचं नाव, हे रुख्मिणीबाईच्या ओठावर आलं होतं. तिने ते गिळलं आणि नुसती पाठ चोळत राहिली. भाकर करपली.

पुढे नवरा-बायकोने बाप्तिस्मा घेतला. भावकी रुसली, आणि सांभाराच्या वासाने हळूहळू परतली. कोणाच्याही घरी माती झाली, की प्रयागबाई जाऊन बसायची. बोलायची एवढंच, "रडून घे माय, थोबी रडला होता."

मग एका रविवारी मिशनच्या देवळात उपदेशकाने ती गोष्ट सविस्तर सांगितली. गाव, बहिणी, भावाचं नाव, सगळं. प्रयागबाई पदर तोंडाला लावून हसत सुटली. बाहेर येताच तिने रुख्मिणीबाईला गाठलं. "काहून व, थे तं मानसाचं नाव निंघालं!"

रुख्मिणीबाई ओशाळली. वाईट वाटलं का, म्हणून तिने विचारलं.

"कायले? थ्या मानसाले नावानं बलावलं, तं माह्या चंपतचं नाव त्याले ठाऊक नसंन का?"