झेंडूचा हार

झेंडूच्या हाराचा वास आला की माझं डोकं फिरतं. बाहत्तरच्या उन्हाळ्यात पारनेरला, शाळेच्या मंडपात, माझी भावगीतांची मैफल होती. तीन वेळा मी तंबोरा लावला आणि तिन्ही वेळा संयोजकांना सत्काराचा आणखी एक पाहुणा आठवला. पुन्हा हार, नारळ, भाषण. तोवर उकाड्याने तारा उतरलेल्या. शेवटी मी पहिली ओळ धरली, तर बाहेर शेवटच्या एस.टी.चा हॉर्न वाजला आणि अख्खा मंडप उठून पळाला. संयोजक हार घेऊन पुढे आले, "बाई, रागावू नगा, तुमचा सत्कार ऱ्हायलाच हाय की!" परवा सावेडीत माझा सत्कार झाला. हार, नारळ, भाषणं, सगळं यथासांग. गायला कुणी सांगितलंच नाही. आणि मी मूर्ख, तंबोरा लावून घेऊन गेले होते.